कोपऱ्यातून डोकावणारा तांबडा

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहातली युरोपीय चित्रं आहेत. पुढच्या वेळी अशा एखाद्या जुन्या सोनेरी फ्रेमसमोर उभे राहाल, तेव्हा चित्र जरा बाजूला ठेवा आणि फ्रेमचा कोपरा निरखून बघा. जुन्या पद्धतीनं वर्ख चढवलेली फ्रेम असेल, तर सोनं सगळीकडे सारखं दिसणार नाही. खोलगट भागांत ते दाट असतं. कडांवर, कोरलेल्या पानांच्या शेंड्यांवर, कोपऱ्यांच्या टोकांवर ते विरळ होत जातं आणि तिथून विटकरी तांबडा रंग वर येतो. बघणाऱ्याला वाटतं, लाकूड दिसतंय. लाकूड अजून बरंच खाली असतं. तो तांबडा रंग मातीचा आहे, आणि सोनं लावण्यापूर्वी कारागिरानं तो मुद्दाम तिथे चढवलेला आहे.

आज जगभर हजारो हौशी माणसं जुन्या बाजारातून फ्रेम आणतात, तिला रंग देतात, मग तो रंग कडांवरून घासून काढतात आणि ती फ्रेम शंभर वर्षांची वाटेल अशी करतात. या कामाला ‘डिस्ट्रेस्ड फिनिश’ किंवा ‘व्हिंटेज लूक’ म्हणतात. कॅलिफोर्नियात सांता मोनिका इथे १९८९ मध्ये रेचल अॅशवेल यांनी ‘शॅबी शिक’ नावाचं दुकान काढलं, तेव्हापासून या रूपाला एक नावही मिळालं. पण त्याची जन्मकथा बरीच जुनी आहे आणि ती त्या तांबड्या कोपऱ्यापासून सुरू होते.

इसवी सन १४०० च्या सुमारास तस्कनीतल्या चेन्नीनो चेन्नीनी या चित्रकारानं आपल्या कारागिरीचं एक पुस्तक लिहून ठेवलं. लाकडावर सोनं कसं चढवायचं, हे त्यात इतकं तपशिलात आहे की आजही कारागीर त्यावरून काम करू शकतो. आधी लाकडाला कातड्याचा सरस पाजायचा. मग जिप्सम भाजून केलेलं प्लास्टर भरपूर पाण्यात टाकायचं आणि महिनाभर रोज ढवळत राहायचं. त्यामुळे प्लास्टरचा घट्ट होण्याचा गुण मरतो आणि हाताला अत्यंत मऊ लागणारा लगदा उरतो. हा लगदा सरसात कालवून त्याचे निदान आठ हात द्यायचे. तो वाळला की घासून गुळगुळीत करायचा. त्यावर लोहयुक्त तांबडी चिकणमाती अंड्याच्या पांढऱ्यात कालवून चढवायची, ती ओली करून त्यावर सोन्याचा वर्ख ठेवायचा आणि योग्य वेळ साधून तो घोटायचा. घोटायला गुळगुळीत दगड, नाही तर दात. चेन्नीनी सांगतो की मांस खाणाऱ्या प्राण्याचा दात चालतो: कुत्रा, लांडगा, मांजर, बिबळ्या, सिंह. आज त्या जागी अकीक वापरतात.

ती माती तिथे का, हे कळलं तेव्हा मला त्या जुन्या कारागिरांबद्दल थक्क व्हायला झालं. चिकणमातीचे कण पापुद्र्यासारखे चपटे असतात. वरून दाब देऊन घोटलं की ते आडवे होतात, एकमेकांवर सरकून सपाट बसतात, आणि त्यांच्यावरचं सोनंही त्यांच्यासोबत सपाट होतं. आरशासारखी चमक येते ती सोन्यामुळे आणि खालच्या मातीच्या लवचिकपणामुळे. दुसरं कारण रंगाचं. हातानं ठोकलेला वर्ख सुमारे ०.१ मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाच्या केसाची जाडी ढोबळमानानं ७० मायक्रॉन धरली, तर एका केसाएवढी चळत करायला सुमारे ७०० वर्ख लागतील. इतकं पातळ सोनं पूर्ण अपारदर्शक राहत नाही. वर्ख उजेडासमोर धरला तर त्यातून हिरवट-निळा प्रकाश आरपार येतो. म्हणजे वर्खाखाली काय आहे याची छाया वर पोचतेच. खाली तांबडं असेल तर सोनं उबदार दिसतं, पिवळी माती असेल तर उजळ, काळी असेल तर थंड. चेन्नीनीची तर तक्रार आहे की एका डुकाट नाण्यातून शंभरच वर्ख काढायला हवेत, पण वर्ख ठोकणारे एकशे पंचेचाळीस काढतात!

आता विचार करा, अशा ०.१ मायक्रॉनच्या धातूवरून दर आठवड्याला कुणी तरी फडकं फिरवतंय. पिढ्यानपिढ्या. फडकं खोलात जात नाही, उंचवट्यांवरूनच सरकतं. म्हणून सोनं उंचवट्यांवरून जातं आणि मातीचा थर उघडा पडतो. तो थर दाखवण्यासाठी नव्हता, सोन्याला आधार देण्यासाठी होता. पण लोकांच्या डोळ्यांना त्या तांबड्याची इतकी सवय झाली की नवी फ्रेम करणारे कारागीरही वर्ख लावून झाल्यावर कापसानं कोपरे हलकेच घासू लागले. नवीकोरी फ्रेम दुकानातून बाहेर पडायच्या आधीच तिला थोडं वय देणं, हा युरोपातल्या वर्ख चढवणाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग झाला.

आजचा हौशी रंगारी तेच रंगांच्या थरांनी करतो. आधी गडद रंग, विटकरी किंवा कॉफीसारखा तपकिरी. तो पूर्ण वाळला की त्यावर दुसरा, कधी फिका हिरवा, कधी निळसर राखाडी. सर्वांत वर मळकट पांढरा. मग बारीक पॉलिश पेपर घेऊन कडांवर घासायला लागलं की एकेक थर उघडत जातो आणि फ्रेमला एक खोटा भूतकाळ मिळतो: ही कधी काळी लाल होती, मग घर बदललं तेव्हा कुणी हिरवी केली, पुढे लग्नाच्या वेळी पांढरी केली. थरांचा क्रम हा इथे कथेचा क्रम असतो. म्हणून रंग निवडताना वरच्या रंगापेक्षा खालच्याचा विचार आधी करावा लागतो. खाली फिका आणि वर गडद असेल तर घासलेल्या कडा नुसत्या ओरखड्यांसारख्या दिसतात. खाली गडद असेल तर त्या कडांना खोली येते.

वरचा थर काढून खालचा दाखवण्याची ही युक्ती आपल्या किनाऱ्यालाही चांगली माहीत आहे. गोवा, सिंधुदुर्ग आणि कारवार पट्ट्यातल्या जुन्या देवळांवर कावी चित्रं दिसतात. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर कावेचा, म्हणजे तांबड्या मातीचा थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्यारानं खरवडून खालचं पांढरं उघडं करतात. वेली, पक्षी, देवता, सगळं काही काढून टाकण्यातून घडतं. चेन्नीनीही सोन्यावर रंग देऊन तो खरवडून भरजरी कापडाचा आभास कसा आणायचा ते सांगतो. दूरदूरची माणसं एकाच युक्तीपाशी पोचली होती.

मात्र कावीत खरवडायचं कुठे हे चित्रकार ठरवतो. जुनी फ्रेम कुठे झिजेल हे कुणी ठरवत नाही, ते हात, पाणी, धूळ, ऊन आणि लाकूड मिळून ठरवतात. माझ्या मते या सगळ्या कामाचं मर्म इथेच आहे. बाजारात ‘व्हिंटेज’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक फ्रेम खोट्या वाटतात त्या रंगामुळे नाही, तर झीज चुकीच्या जागी असल्यामुळे. चारही बाजूंना सारख्या अंतरावर सारखे ओरखडे. असं कुठलंच घर फ्रेमला झिजवत नाही.

आपल्याच घरातली तसबीर बघा ना. १८९४ मध्ये मुंबईत राजा रविवर्मा यांचा छापखाना सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत छापील चित्रं काचेच्या फ्रेममध्ये घरोघरी पोचली. जुन्या घरांत अशा तसबिरी भिंतीला सपाट चिकटलेल्या नसत. खालची बाजू भिंतीला टेकलेली आणि वरची दोरीच्या आधारानं पुढे झुकलेली, म्हणजे खाली बसलेल्या माणसाला नीट दर्शन व्हावं. या झुकण्यामुळे वरच्या पट्टीच्या माथ्यावर धूळ साठते आणि तिच्या खालच्या अंगाला समईची, उदबत्तीची काजळी धरते. हार घालतात तो वरच्या दोन कोपऱ्यांवरून खाली येतो. ओल्या फुलांचं पाणी आणि दोऱ्याचं घर्षण तिथे वर्षानुवर्षं चालू राहतं, म्हणून कोपऱ्यांजवळचं पॉलिश आधी जातं आणि लाकूड पांढुरकं होतं. काचेवर लावलेलं गंध आणि हळदकुंकू ओघळून खालच्या पट्टीच्या खाचेत बसतं. सणासुदीला तसबीर खाली काढताना हात उभ्या पट्ट्यांच्या मध्यावर पडतात, आणि टेकवताना मार बसतो तो खालच्या कोपऱ्यांना. खिडकीकडची पट्टी उन्हानं जास्त उडालेली असते. हे सगळं डोळ्यांसमोर आणून मगच पॉलिश पेपर हातात घ्यावा. वरचे कोपरे हाराच्या रेषेत पुसट, उभ्या पट्ट्या मध्यावर किंचित गुळगुळीत, खालची टोकं खरीखुरी टवके उडालेली, आणि काचेलगतची आतली खाच जवळजवळ न घासलेली, गडद. एवढं केलं तरी बघणाऱ्याला पटतं. का पटलं, हे त्याला सांगता येणार नाही, कारण अशी झीज त्यानं लहानपणापासून न बघता पाहिलेली असते.

लाकडाचं वागणं तर याहून नवलाचं. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, पण सगळ्या दिशांना सारखं नाही. धाग्यांच्या दिशेनं, म्हणजे लांबीत, ते जवळपास बदलतच नाही. आडवं मात्र फुगतं आणि आकसतं. फ्रेमच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या पंचेचाळीस अंशांत कापून जोडलेल्या असतात. पट्टीची रुंदी बदलली आणि लांबी तीच राहिली, तर तो काप पंचेचाळीस अंशांचा राहत नाही. उन्हाळ्यात लाकूड आकसतं तेव्हा सांधा आतल्या, काचेकडच्या टोकाला उघडतो. पावसाळ्यात फुगतं तेव्हा बाहेरच्या टोकाला. फ्रेमचा कोपरा पाहून ऋतू सांगता येतो! रुंद पट्टीत हे अधिक ठळक दिसतं. सांध्यावर रंग कितीही छान बसवला तरी तो वर्षभरात तिथे केसाएवढा फाटणारच. म्हणून जाणकार रंगारी जुन्या फ्रेमचा सांधा पुट्टी भरून पूर्ण बुजवत नाही. ती बारीक तिरपी रेघ तशीच ठेवतो, उलट तिच्यात थोडा गडद रंग मुरू देतो.

भेगांनाही दिशा असते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये फ्रेमवरची नक्षी हातानं कोरण्याऐवजी साच्यात दाबून करण्याची पद्धत जोरात आली. खडूची पूड, सरस, जवसाचं तेल आणि राळ यांचा गरम लगदा मळायचा, लाकडी साच्यात दाबायचा आणि निघालेली पानंफुलं फ्रेमवर चिकटवायची. हा लगदा वयाबरोबर आकसत जातो. खालचं लाकूड लांबीत आकसत नाही. मग ताण पट्टीच्या लांबीच्या दिशेनं येतो आणि भेगा त्याच्या काटकोनात, पट्टीला आडव्या, थोड्याथोड्या अंतरावर पडतात. अशा आडव्या भेगा ओळीनं दिसल्या की नक्षी कोरीव नसून साच्यातली आहे हे हात न लावता ओळखता येतं.

आता रंगाकडे येऊ. साधा अॅक्रिलिक रंग वाळल्यावर त्याची प्लास्टिकसारखी सलग कातडी होते. तिच्यावर पॉलिश पेपर घासला तर घर्षणाच्या उष्णतेनं ती मऊ पडते, सुरकुतते, कधी पट्टीच्या पट्टी निघून येते. झिजल्यासारखं दिसत नाही, सोलल्यासारखं दिसतं. १९९० मध्ये ऑक्सफर्डच्या अॅनी स्लोन यांनी ‘चॉक पेंट’ बाजारात आणला तो या कामाला अगदी चपखल बसला. त्यांचं मिश्रण त्यांच्यापाशी, पण अशा खडूसारख्या रंगांमागचं शास्त्र उघड आहे. कुठल्याही रंगात दोन गोष्टी असतात, पूड आणि ती धरून ठेवणारा चिकट पदार्थ. चिकट पदार्थ भरपूर असेल तर तो कणांमधल्या सगळ्या फटी भरतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत होतो. पुडीचं प्रमाण वाढवत नेलं तर एक टप्पा असा येतो की फटी भरायला चिकट पदार्थ पुरत नाही आणि कणांमध्ये हवा राहते. तूप कमी पडलेला बेसनाचा लाडू जसा बोट लावताच भुगा होतो, तसा हा रंग पॉलिश पेपरखाली पूड होऊन उतरतो. हवा तेवढाच उतरतो, कडेला मऊ विरत जातो. त्या हवेच्या पोकळ्यांवर आणि खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून तो चमकत नाही आणि रंग मूळ छटेपेक्षा फिका दिसतो.

आणि मग मेण. वाळलेल्या रंगावर फर्निचरचं मेण चोळलं की बघताबघता छटा गडद आणि भरीव होते. मेणात रंग नसला तरीही. मेण त्या पोकळ्यांत शिरतं आणि हवेची जागा घेतं. हवेतून कणावर पडताना प्रकाश जितका विखुरतो त्याहून मेणातून पडताना बराच कमी विखुरतो, म्हणून पुडीचा खरा रंग दिसू लागतो. ओला खडू कोरड्या खडूपेक्षा गडद दिसतो तो याच कारणानं. मला या कामातला हा क्षण सर्वांत आवडतो. काहीही न मिसळता रंग बदलतो, फक्त हवा बाहेर जाते.

घरी असा रंग करायचा तर पाण्याच्या मॅट रंगात खडूची बारीक पूड थोड्या पाण्यात कालवून घालतात. काही जण प्लास्टर ऑफ पॅरिस वापरतात. ते चालतं, पण ते पाणी लागताच घट्ट व्हायला लागतं, डब्यात गाठी होतात, आणि सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या तस्कन कारागिरानं महिनाभर रोज का ढवळायला सांगितलं ते लगेच कळतं. खडूची पूड असा त्रास देत नाही.

आपल्याकडच्या जुन्या फ्रेम पुष्कळदा सागवानी असतात. पुण्यातल्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर त्या ढिगानं रचलेल्या दिसतात. साग कीड-वाळवीला दाद देत नाही तो त्याच्यातल्या तेलकट द्रव्यांमुळे, आणि नेमकी तीच द्रव्यं रंगाला धरू देत नाहीत. शिवाय फिका रंग दिला की काही दिवसांत खालून पिवळट-तपकिरी डाग वर उमटतात. त्यावरचा उपाय आपल्याच जंगलातला आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे सूक्ष्म किडे रस शोषत राहतात आणि अंगाभोवती राळेचं कवच करतात. ती लाख शुद्ध करून चपडा होतो, चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की आपल्या सुतारांचं फ्रेंच पॉलिश. हे द्रावण मिनिटांत वाळतं आणि पाण्यानं सहज विरघळत नाही, म्हणून ते सागाचं तेल खाली आणि पाण्याचा रंग वर असं दोघांना वेगळं ठेवतं. चपड्यात नैसर्गिक मेण थोडं असतंच. बाटली न हलवता ठेवली की ते तळाशी बसतं. रंगाखाली लावायला वरची निवळ वापरावी, मेणावर रंग नीट धरत नाही.

मेणावर रंग धरत नाही, याचाच दुसरीकडे उपयोग होतो. खालचा गडद थर वाळल्यावर जिथे टवका हवा तिथे मेणबत्ती घासायची आणि मग वरचा रंग द्यायचा. वाळल्यावर बोथट पात्यानं खरवडलं की तिथला रंग टवक्यांनी निघतो. घासलेली झीज मऊ असते, उडालेला टवका धारदार. खऱ्या जुन्या फ्रेमवर दोन्ही असतात, म्हणून दोन्ही करावे लागतात, पण टवके मोजकेच.

तडकलेला रंग हवा असेल तर फेव्हिकॉल पुरतो. खालच्या रंगावर फेव्हिकॉलचा थर द्यायचा, तो बोटाला चिकटेल इतपत सुकू द्यायचा आणि त्यावर पाण्याचा रंग एकाच हातानं, परत न फिरवता ओढायचा. डोळ्यांदेखत भेगा पडू लागतात. वरचा रंग आधी सुकतो आणि आकसतो, खालचा गोंद अजून मऊ असल्यानं तो त्याला धरून ठेवू शकत नाही, सरकू देतो, आणि ताण सहन न झालेला रंग फाटतो. पहिली भेग पडली की तिच्या आसपासचा, तिला काटकोनात ओढणारा ताण मोकळा होतो. म्हणून नंतर येणारी भेग जवळ आली की वळते आणि पहिलीला बहुधा काटकोनातच मिळते. आटलेल्या तळ्याच्या गाळात हाच नियम चालतो. वरचा थर जाड असेल तर भेगा रुंद आणि दूरदूर, पातळ असेल तर बारीक जाळी. ब्रश ज्या दिशेनं ओढला त्या दिशेला भेगा धावतात. स्पंजनं टिपून रंग दिला तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरतात. फ्रेमभर तडे मात्र काढू नयेत. एखादा कोपरा, एखाद्या पट्टीचा तुकडा बास होतो.

या विद्येचा सर्वांत मोठा उस्ताद कदाचित इचिलिओ फेदेरिको योनी. सिएना गावात १८६६ मध्ये जन्मलेला हा माणूस पोरवयात वर्ख चढवणाऱ्याच्या कारखान्यात शिकला आणि पुढे चौदाव्या-पंधराव्या शतकातली वाटावीत अशी चित्रं, फ्रेम, पुस्तकांची रंगवलेली लाकडी वेष्टणं करू लागला. इटालियन चित्रकलेचा गाढा जाणकार बर्नार्ड बेरेन्सन याच्या हातातही त्याची कामं पोचली. १९३२ मध्ये योनीनं आठवणी प्रसिद्ध करून आपल्या धंद्याविषयी मोकळेपणानं लिहिलं. तो यशस्वी झाला याचं कारण मला त्याच्या त्या पहिल्या शिक्षणात दिसतं. सोनं खालून वर कसं चढतं हे ज्याच्या हाताला माहीत होतं, त्याला ते वरून खाली कसं उतरतं हेही माहीत होतं.

नकली जुनेपणा करणाऱ्यांचा सर्वांत लाडका विषय म्हणजे किड्यांची भोकं, आणि तिथेच ते पकडले जातात. युरोपातल्या फर्निचर पोखरणाऱ्या भुंग्याची अळी लाकडाच्या आत वेडेवाकडे बोगदे करत काही वर्षं काढते आणि मोठा झालेला भुंगा सुमारे दीड-दोन मिलिमीटरचं गोल भोक पाडून बाहेर पडतो. म्हणजे पृष्ठभागावर भोकं दिसतात, बोगदे नाहीत. ड्रिलनं पाडलेलं भोक सरळ आत जातं. सुई घातली की खरं भोक लगेच वळतं. आणि पृष्ठभागावर उघडे, आडवे बोगदे दिसले तर समजावं की जुनं किडकं लाकूड नव्यानं कापून ही फ्रेम केली आहे. साग तर मुळात किडीला दाद देत नाही, म्हणून सागाच्या फ्रेमवर भोकं पाडूच नयेत, ती कथा त्या लाकडाची नाहीच.

माश्यांचे ठिपके मात्र जमतात. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या घरांत उन्हाळ्यात सोनेरी फ्रेमवर मलमलीचं कापड पांघरत, कारण माशा सोन्यावर बसून काळे ठिपके करून जात आणि ते निघत नसत. त्याची नक्कल करायला पातळ गडद तपकिरी रंगात जुना टूथब्रश बुडवून, झटकून, अंगठ्यानं केस ओढून तुषार उडवतात. थोडेच, आणि वरच्या भागात जास्त. शेवटी खाचांमध्ये मऊ मेण भरून त्यावर मुलतानी माती ब्रशनं भुरभुरवायची आणि उंचवट्यांवरची पुसून घ्यायची. खाचेत जी राखाडी धूळ राहते, ती फुंकून जात नाही, धुतल्यानं जात नाही आणि तिच्यामुळे फ्रेम एका क्षणात पन्नास वर्षांनी मोठी होते.

हे सगळं सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, जुना रंग. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत शिसं असू शकतं, आणि खूप जुन्या पांढऱ्या तेलरंगात तर ते मुख्य घटक म्हणून असे. अशी फ्रेम कोरडी घासली की ते शिसं हवेत उडतं आणि श्वासातून, हातातून लहान मुलांच्या शरीरात जातं. पाण्याचा पॉलिश पेपर ओला ठेवून घासावं, तोंडाला चांगला मास्क बांधावा, गाळ फडक्यात टिपून बंद पिशवीत टाकावा. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर जुना थर घासूच नये, चपड्याचा हात देऊन वरून रंगवावं.

दुसरी, ती फ्रेम मुळात रंगवण्यासारखी आहे का. न दिसणाऱ्या जागी, मागच्या कडेला, कापसाच्या बोळ्यानं स्पिरिटचा एक थेंब लावून बघा. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळा तपकिरी झाला तर ते चपड्याचं पॉलिश आहे, ते नुसतं स्वच्छ करून पुन्हा उजळता येतं. सोनेरी फ्रेम असेल तर ओल्या बोळ्यानं अगदी हलकं टिपा. सोनं सुटून खालचा तांबडा दिसू लागला, तर तो चेन्नीनीच्या पद्धतीनं पाण्यावर चढवलेला खरा वर्ख असण्याची दाट शक्यता आहे. हात तिथेच थांबवा. सोनेरी पावडरचा किंवा पितळी वर्खाचा रंग बहुधा काळपट, हिरवट पडलेला असतो, खऱ्या सोन्याला तसं होत नाही. मग फ्रेम उलटी करा. मागच्या बाजूला कारागिराची किंवा दुकानाची चिठ्ठी, हातानं घडवलेले चौकोनी खिळे, पेन्सिलीनं लिहिलेली मापं असतील तर ती पुसू नका, त्यांवर रंग जाऊ देऊ नका. फ्रेम कुणी, कुठे, साधारण केव्हा बनवली याचा पत्ता तिथेच लागतो, आणि एवढं सगळं सापडलं तर ब्रश धुऊन ठेवून रंगवायला दुसरी फ्रेम शोधायला जावं.